शेती असणं आणि शेती करणं

कर्जमाफीची घोषणा झाली किंवा एखादा मोर्चा निघाला, की आपल्याकडे तोच वाद नव्याने पेटतो: खरा शेतकरी कोण? एक बाजू सातबारा पुढे करते. उताऱ्यावर ज्याचं नाव तो शेतकरी, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये. दुसरी बाजू शब्दकोश उघडते. शेत करतो तो शेतकरी, मग शहरात राहून उताऱ्यावर नाव राखणारे कसले शेतकरी? दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही, कारण एकजण कागदाबद्दल बोलतोय आणि दुसरा कामाबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शेतकरी हे कामाचं नाव आहे. मालकीसाठी मराठीत वेगळा, स्वच्छ शब्द आहे: खातेदार. सरकारदरबारी खातेदारालाच शेतकरी म्हणायची सवय लागली आणि आपणही ती उचलली. त्यामुळे जी माणसं प्रत्यक्ष पेरतात, खुरपतात, काढणी करतात, त्यांच्यातली फार मोठी संख्या शेतकऱ्यांसाठी म्हणून निघणाऱ्या मदतीच्या बाहेर राहिली. दोन गोष्टींना दोन शब्द असताना आपण एकच वापरला, आणि हा घोळ कुणाच्या तरी अंगावर येणारच होता.

आधी शब्द नीट पाहू, कारण त्याच्या नावाने बरंच काही खपवलं जातं. ‘शेत’ आलं संस्कृत ‘क्षेत्र’वरून. हिंदीने त्याचं खेत केलं, मराठीने शेत. ‘क्ष’चं असं करायची मराठीची जुनी रीत आहे. मक्षिकेची तिकडे मक्खी झाली, आपल्याकडे माशी. कुक्षीची तिकडे कोख, इकडे कूस. इक्षूचा तिकडे ईख, इकडे ऊस. म्हणजे शेत आणि त्यात उभा असलेला ऊस, दोन्ही शब्द एकाच वाटेने चालत आपल्या तोंडात आले, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. ‘कृषी’चं घराणं वेगळं. तिच्या मुळाशी कृष् हा धातू आहे, म्हणजे ओढणं. मातीतून फाळ ओढणं. आकर्षण आणि उत्कर्ष याच धातूचे. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात त्याला सांगितलंय की फासे टाकून दे, ‘कृषिमित्कृषस्व’, शेतच नांगर. तिथेही कृषी म्हणजे हातांनी करायची गोष्ट आहे, नावावर ठेवायची नाही.

पण इथेच शब्दकोश उघडणाऱ्या मित्रांना थांबवायला हवं. शेत अधिक करी, म्हणून शेत करणारा, एवढ्यावर निकाल लागत नाही. मराठीतला ‘करी’ मोठा लवचीक आहे. वारकरी वारी करतो हे खरं, पण गावकरी गाव करत नाही, तो गावचा असतो. वाटेकऱ्याचा वाटा असतो, मानकऱ्याला मान असतो. कुणी म्हणेल की शेतकरी म्हणजे मानकऱ्यासारखा, ज्याला शेत आहे तो. या आक्षेपाला व्याकरणाने उत्तर देता येत नाही, हे कबूल करते. शिवाय शब्दाचं मूळ हे काही त्याच्या अर्थाचं खरेदीखत नव्हे. शब्द हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळतात आणि लोक वापरतात तोच त्यांचा अर्थ होतो. तेव्हा व्युत्पत्ती हा पुरावा म्हणून मी बाजूला ठेवते.

मग लोक काय म्हणतात? गावाकडे चौदा एकर जमीन आणि शहरात दवाखाना असलेल्या माणसाबद्दल गावात विचारून बघा. उत्तर येईल, ‘त्यांची शेती आहे.’ ‘ते शेती करतात’ असं कुणी चुकूनही म्हणणार नाही. ती जमीन कुणाला तरी वाट्याने लावलेली असते, बटईने म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर, किंवा खंडाने म्हणजे ठरलेल्या भाड्यावर दिलेली असते, विदर्भात ठोक्याने. जो ती घेतो त्याच्याबद्दल तोच माणूस, त्याच दमात सांगतो, ‘अमका त्यांची शेती करतो.’ असणं आणि करणं. क्रियापद बदललं आणि दोन माणसं वेगळी झाली. यासाठी कुणाला व्याख्या शिकवावी लागली नाही. बोलीने हा भेद आजही रोज, काटेकोरपणे पाळलाय. तो हरवला तो कागदावर.

आणि गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगते, एके काळी तो कागदावरही होता. आपण ज्याला एका दमात सातबारा म्हणतो ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख: जमीन कुणाची, बोजा कुणाचा. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही: यंदा तिथे काय पेरलंय. जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यांवर बाराच्या बाजूला, शेऱ्याच्या जवळ, एक अरुंद रकाना दिसतो: ‘जमीन करणाराचे नाव’. मालकाचं नाव वर सातमध्ये आलेलं असताना हा वेगळा रकाना कशासाठी? कारण नमुना आखणाऱ्याला ठाऊक होतं की जमीन असणारा आणि जमीन करणारा हे एकच असतील असं नाही. त्या तीन शब्दांत शेतकरी या शब्दाची सगळी व्याख्या आहे. वाद घालणारे सात वाचतात, बारा वाचत नाहीत, एवढंच माझं दुखणं आहे.

हा भेद नवा नाही, आणि तो नेहमीच न्याय्य होता असंही नाही. मराठेशाहीतल्या गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे शेत करणारे होते. नांगर दोघंही धरत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तिला गावात मान. उपऱ्याला तो हक्क नाही, तो आज आहे, उद्या दुसऱ्या गावाला. आजचा ‘उपरा’ हा शब्द त्याच घरातला, आणि त्यातली बोच अजून गेलेली नाही. पुढे इंग्रजांनी रयतवारी आणली, म्हणजे सारा थेट रयतेकडून घेण्याची पद्धत. 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत मग पसरत गेली. सरकारला सारा कुणाकडून वसूल करायचा एवढं ठरवायचं होतं, म्हणून शेताच्या तुकड्यापुढे एक नाव लागलं. साऱ्यासाठी लागलेलं ते नाव हळूहळू सगळ्याच गोष्टींसाठी लागलेलं नाव झालं. वसुलीची सोय पुढे माणसाची ओळख होऊन बसली.

तरीही त्याच राजवटीत एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती आजच्या वादात कुणी काढत नाही. मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात उठाव झाला, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांची कर्जखतं जाळली गेली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्यासाठी कायदा आला. लगेच प्रश्न उभा राहिला: शेतकरी कोणाला म्हणायचं? दुरुस्त्या होऊन जी व्याख्या ठरली तिच्यात स्वतः, नोकरांकरवी किंवा कुळांकरवी, म्हणजे जमीन कसायला घेणाऱ्यांकरवी, होणाऱ्या शेतीवर मुख्यतः पोट असणारा माणूस होता, आणि त्याच वाक्यात पुढे, स्वतः नेहमी शेतमजुरी करणारा माणूसही होता. परक्या सरकारच्या कायद्यात मालक, कूळ आणि मजूर एकाच शब्दाखाली मावले. मग आज तो शब्द एवढा तोकडा कसा पडतो?

त्याच काळात, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांनी नावात कुणबी घेतलं नाही, शेतकरी घेतलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणबी हाही मुळात चांगला शब्द, कुटुंबिन् वरून आलेला, घरदार आणि शेत सांभाळणारा गृहस्थ. तुकोबांनी देवाने आपल्याला कुणबी केलं म्हणून समाधान मानलं. पण तो शब्द जातीचं नाव झाला आणि त्याचा वापर त्या हद्दीत अडकला. फुल्यांनी शेतकऱ्यांत तीन भेद सांगितले ते कामावरून: नुसती शेती करणारे कुणबी, तिच्यासोबत बागाईत करणारे माळी, आणि मेंढरं-बकऱ्यांचे कळप बाळगणारे धनगर. मेंढरामागे फिरणाऱ्याच्या नावावर जमीन आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. शब्द रुंद करायचा, म्हणजे त्याच्याखाली माणसं एकत्र येतील, ही त्यामागची दृष्टी होती. त्याच शब्दाचा उपयोग आज आपण माणसं वगळायला करतोय.

स्वातंत्र्यानंतर ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात आली. 1948 चा कूळ कायदा, मग 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, ज्या दिवशी कुळाला कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं. या कायद्याने शेतकऱ्याची व्याख्या केली ती ‘जातीने जमीन कसणारा’ अशी. शब्द अगदी बरोबर. पण जातीने कसणं म्हणजे काय, हे पुढे सांगताना स्वतःच्या किंवा घरच्यांच्या अंगमेहनतीबरोबरच, रोजाची माणसं लावून स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलेली शेतीही त्यात आली. विधवा, अपंग, सैन्यातला जवान यांच्यासाठी सवलती होत्या आणि त्या योग्यच होत्या. पण देखरेख हे कसणं ठरलं, तिथे दार इतकं उघडं राहिलं की बांधावर उभा असलेला आणि बांधाच्या आत वाकलेला, दोघंही कसणारे झाले, आणि कागद बांधावरच्याकडे राहिला. या कायद्याने हजारो कुळांना जमिनी दिल्या, ते ऋण मोठंच आहे. मात्र त्यानंतर जे कसायला आले, ते कुठल्याच शब्दात बसेनात.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ती म्हणते, जोखीम कुणाची? बियाणं उधारीवर मालकाने आणलं, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, पाऊस गेला तर तो बुडणार, भाव पडला तर तो बुडणार. मजूर संध्याकाळी दिवसाची मजुरी घेऊन घरी जातो. त्याला शेतकरी म्हणणं म्हणजे जो बुडतो आणि जो बुडत नाही त्यांना एक करणं. हे म्हणणं मी गंभीरपणे घेते. रोजाचा दर ठरवताना शेतकरी आणि शेतमजूर समोरासमोर उभे असतात, आणि दोन एकरवाल्याला वेचणीच्या हंगामात मजुरी परवडत नाही हेही खरं आहे. हा झगडा शब्दाने मिटणार नाही. पण जोखीम हीच कसोटी लावायची तर ती शेवटपर्यंत लावा. खंडाने जमीन घेणारा माणूस पुष्कळदा पेरणीआधीच खंड भरतो. बियाणं त्याचं, खत त्याचं, मजुरी त्याची. पीक गेलं तर मालकाचा खंड मालकाकडे असतो आणि बुडतो तो एकटा खंडकरी. बँक त्याला पीककर्ज देत नाही, कारण उतारा त्याचा नाही. म्हणून तो खासगी सावकाराकडे जातो, आणि कर्जमाफी येते तेव्हा त्याचं कर्ज माफ करण्याजोगं नसतं. ज्याची जोखीम सगळ्यात मोठी तोच यादीत नाही. जोखमीचा मुद्दा मांडणाऱ्यांना हे पटायला हवं, कारण हे त्यांच्याच तर्कातून निघतं.

मजुराबद्दलही एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. 2001 च्या जनगणनेत देशात स्वतः शेती करणारे 12.7 कोटी होते आणि शेतमजूर 10.7 कोटी. 2011 मध्ये शेती करणारे 11.9 कोटींवर आले आणि शेतमजूर 14.4 कोटींवर गेले. दहा वर्षांत पारडं फिरलं. हे नवे मजूर काही आभाळातून पडले नाहीत. तुकडे होत गेलेल्या रानांतून, विकलेल्या एकर-दोन एकरांतून, आटलेल्या विहिरींतून आणि फिटत नसलेल्या कर्जांतून ते आले. कालचा खातेदार आज कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. जमीन गेली त्या दिवशी त्याच्या हातातलं कसबही गेलं का? स्वामिनाथन आयोगाच्या कामावर आधारलेल्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दात कूळ, बटईदार, शेतमजूर, पशुपालक, मच्छीमार, वनोपज गोळा करणारे आदिवासी, सगळे धरले. धोरणात हे आहे. 2019 साली वर्षाला 6,000 रुपये देणारी किसान सन्मान योजना आली ती मात्र ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा कुटुंबांसाठी. तिला खातेदार सन्मान योजना म्हटलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. खातेदारालाही मदत लागते. पण नाव शेतकऱ्याचं लावून दार खातेदारालाच उघडायचं, हे मनाला लागतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कागद नसेल तर कुणीही उठून म्हणेल मी शेतकरी. खोटे लाभार्थी घुसतील. घुसतात, नाकारत नाही. पण कागदाने खोटेपणा अडतो का? अवकाळी पावसानंतरचा एक पंचनामा मी जवळून पाहिलाय. काढणीला आलेला हरभरा रात्रीत झोपला होता, घाटे काळे पडून चिखलात चिकटले होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर आले. बटईने ते रान करणारा माणूस मुळासकट एक झाड उपटून हातात धरून उभा होता, कुणीतरी ते बघावं म्हणून. त्याला गट नंबर विचारला, तो त्याने सांगितला. खातेदाराचं नाव विचारलं, तेही त्यानेच सांगितलं. त्याचं स्वतःचं नाव कुणी विचारलं नाही. आलेल्या माणसांचा दोष नव्हता. त्यांच्या हातातल्या तक्त्यात त्या नावाला जागाच नव्हती. तक्ता अगदी खरा भरला गेला, आणि ज्याचं नुकसान झालं तो त्यात नव्हता.

यावर कुणी विचारेल, मालक स्वतःहून करणाऱ्याचं नाव का लावू देत नाही? भीतीपोटी, आणि त्या भीतीला कारण आहे. नाव लागलं की कूळ लागेल, कूळ लागलं की जमीन जाईल, ही धास्ती कूळ कायद्यापासून घराघरात आहे. ती फक्त मोठ्या जमीनदाराची नाही. नवरा गेलेली, मुलं परगावी असलेली बाई आपली तीन एकरं शेजाऱ्याला वाट्याने देते, तेव्हा तीही सगळा व्यवहार तोंडी ठेवते. तिला दोष देता येणार नाही. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये यावर एक वाट काढली: जमीन करणाऱ्याला 11 महिन्यांसाठी कसण्याचं कार्ड, कर्ज आणि पीकविम्यासाठी चालेल असं, मालकीला हात न लावता. तिथेही मालकाची सही लागते आणि त्या सहीपाशी काम अडतं. पण निदान त्यांनी असणं आणि करणं यांना दोन वेगळे कागद दिले.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेला मोर्चा आठवा. त्यात आदिवासी बहुसंख्य होते आणि वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनी नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी होती. तेव्हाही ऐकू आलं की हे शेतकरी नव्हेत, हे तर भूमिहीन आदिवासी. पिढ्यान्पिढ्या वरई-नागली पिकवणाऱ्या माणसांकडे उतारा नाही म्हणून ती शेतकरी नाहीत, आणि शेतकरी नाहीत म्हणून त्यांनी उतारा मागू नये! पायांना फोड आलेल्या माणसांपुढे हा युक्तिवाद करताना बोलणाऱ्यांची जीभ अडखळायला हवी होती.

आणि बायका. वर मी जी जी क्रियापदं लिहिली, पेरणं, खुरपणं, वेचणं, त्यांतली बहुतेक त्यांच्या हातांनी होतात. खुरपणीत बाई आपली पात धरते आणि उकिडवी बसून रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे सरकत जाते. दिवसभरात अशा किती पाती होतात ते ती मोजत नाही. तिला विचारा, काय करता? ‘काही नाही, रानात जाते.’ माझ्या कानांनी मी हे कितीदा तरी ऐकलंय. करणं हे जिच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं तीच म्हणते मी काही करत नाही, कारण ‘शेतकरी’ हा शब्द तिच्या नवऱ्याचा आहे आणि ‘शेतकरीण’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात शेतकऱ्याची बायको येते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी बायकांची खाती सुमारे 14 टक्के होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ते मोलाचं काम होतं आणि पुन्हा व्हायला हवं. पण जिला नवऱ्याने जमीन दिली नाही, ती शेतकरी नाही का? नाव लागेपर्यंत तिने वाट बघायची?

म्हणून मागणी साधी आहे. जिथे मालकीशी संबंध आहे तिथे, म्हणजे भूसंपादनाचा मोबदला, खरेदी-विक्री, वारस, सरकारी निर्णयात ‘खातेदार’ असं लिहा. जिथे पिकाशी संबंध आहे, म्हणजे पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, तिथे ‘शेतकरी’ लिहा आणि जमीन करणाऱ्याला द्या. त्यासाठी नवा दाखला शोधायची गरज नाही. बारा नंबरच्या नमुन्यातला तो अरुंद रकाना होताच. खरीप आणि रब्बी, दोन्ही हंगामांत तो गावासमोर वाचून भरा, आणि कायद्यात एक ओळ घाला की या नोंदीने मालकी बदलत नाही, म्हणजे ती तीन एकरवाली बाईही निर्धास्त राहील. रान नवरा-बायको दोघं मिळून करत असतील, तर दोघांची नावं लिहा.